दोन माणसं, दोन गाइड डॉग आणि हेरफर्डची एक फेरी

हे प्रकरण एका जोडप्याचं आहे. दोघंही पूर्ण अंध, साठी ओलांडलेली, बर्मिंगहॅमच्या दक्षिण भागात बोर्नव्हिलला राहणारी. ते पियानो ट्यूनर, म्हणजे पियानोचे सूर जुळवणारे होते, त्या टेलिफोन ऑपरेटर. त्या पिढीतल्या अंध मुलामुलींना ब्रिटनमध्ये जे मोजके धंदे हमखास शिकवले जात, त्यांतले हे दोन. नावं द्यायची नाहीत असं आमचं ठरलं आहे, म्हणून इथे ते नुसते ट्यूनर आणि त्या बाई. दोघांकडे एकेक गाइड डॉग, म्हणजे अंध माणसाला चालताना मदत करायला शिकवलेला कुत्रा. ट्यूनरांचा लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरच्या संकरातला, नवव्या वर्षात, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. बाईंची काळी लॅब्रॅडॉर, जेमतेम तीन वर्षांची, कामावर रुजू होऊन वर्षही झालेलं नाही. त्यांना मी थोरला आणि धाकटी म्हणेन.

जायचं होतं हेरफर्डला, एका जुन्या मित्राकडे जेवायला, आणि संध्याकाळी परत. हा मित्र ट्यूनरांच्या कॉलेजातला. अंधांसाठीचं रॉयल नॅशनल कॉलेज १८७२ साली लंडनच्या अपर नॉरवुडमध्ये सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धात ते श्रूजबरीजवळच्या रोटन कासलमध्ये हललं आणि १९७८ साली हेरफर्डला आलं. हे दोघं स्थलांतराच्या त्या धामधुमीतले विद्यार्थी. मित्र पुढे हेरफर्डमध्येच राहिला, लग्न तिथेच केलं. ट्यूनरांचं तिकडे जाणं होत असे, पण एकट्याचं, एका कुत्र्यासह. दोघांनी आपापला कुत्रा घेऊन एवढ्या लांब जाण्याची ही पहिलीच वेळ.

मी बर्मिंगहॅममध्ये अंध व्यक्तींना मोबिलिटी ट्रेनिंग, म्हणजे आपलं आपण फिरण्याचं शिक्षण, देण्याचं काम करते. बाईंनी मला सोबत बोलावलं ते मदतीला नव्हे. "तुम्ही मागून चला आणि बघा. आम्ही पडायला आलो तर ओरडा, एरवी गप्प राहा," एवढीच अट. बघायचं काय, तर एक प्रश्न. त्यांच्या मुलाला वाटत होतं की आईबाबा आता निर्धास्त, दोन कुत्री म्हणजे दुप्पट मदत. बाईंना तसं वाटत नव्हतं. मलाही नाही.

कुत्र्याला काय ठाऊक असतं

आपल्याकडे गाइड डॉग फारसे दिसत नाहीत, त्यामुळे आधी थोडं सांगायला हवं. गाइड डॉग मालकाला हेरफर्डला नेत नाही. हेरफर्ड कुठे आहे हे मालकाला माहीत असावं लागतं. कुत्र्याचं काम वाटेतला खांब, उघडं गटार, फूटपाथवर आडवी लावलेली सायकल चुकवायची, फूटपाथ संपला की थांबायचं, जिना आला की थांबायचं, आणि 'फाइंड द डोअर' किंवा 'फाइंड द सीट' म्हटलं की दार किंवा आसन दाखवायचं. सिग्नलचा रंग तो वाचत नाही. रस्ता कधी ओलांडायचा हे वाहनांच्या आवाजावरून माणूसच ठरवतो. मात्र माणसाने पुढे म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर न ऐकणं हेही त्याला शिकवलेलं असतं.

ब्रिटनमध्ये ही पद्धत १९३१ साली लिव्हरपूलसमोरच्या वॉलसीमध्ये चार जर्मन शेफर्ड माद्यांपासून सुरू झाली. आता बहुतेक लॅब्रॅडॉर, रिट्रीव्हर किंवा त्यांचे संकर असतात. पिल्लू स्वयंसेवकाच्या घरी वाढतं, मग प्रशिक्षण होतं, आणि साधारण दोन वर्षांचं झालं की एका माणसाशी त्याची जोडी लावली जाते. कुत्र्यासाठी मालकाने नावापुरते ५० पेन्स द्यायचे, ही तिथली जुनी रीत.

कुत्रा डाव्या बाजूला चालतो, त्याच्या अंगात घातलेल्या साजाची, म्हणजे हार्नेसची दांडी डाव्या हातात. माणूस आणि कुत्रा मिळून रुंदी होते दीड माणसाची. अशा दोन जोड्या फूटपाथवर शेजारी शेजारी मावत नाहीत, त्यामुळे नवराबायको एकामागे एक चालतात. पुढच्याला मोकळी वाट हवी असते, मागच्याला पुढच्याचा आवाज. आणि मागचा कुत्रा? तो हळूहळू स्वतःचं डोकं वापरायचं सोडून पुढच्याच्या शेपटीमागे चालू लागतो. धाकटीचं हे घराबाहेर पडल्यापासून दिसत होतं. फूटपाथच्या कडेला थोरला थांबला की ती थांबे, पण कडेवर नव्हे, कडेच्या दोन हात अलीकडे, थोरल्याच्या मागे. बाईंच्या पायाला कड लागायची नाही. दोन वेळा त्यांनी तिला मागे नेऊन पुन्हा कडेपर्यंत चालवलं. ट्यूनर पुढे थांबून वैतागत होते.

न्यू स्ट्रीट की युनिव्हर्सिटी

बोर्नव्हिलहून हेरफर्डला थेट गाडी नाही. सरळ मार्ग म्हणजे उत्तरेला बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला जायचं आणि तिथून हेरफर्डची गाडी पकडायची. पण तीच गाडी दक्षिणेकडे येताना वाटेत युनिव्हर्सिटी स्थानकावर थांबते, आणि ते बोर्नव्हिलपासून दुसरंच स्थानक. म्हणजे युनिव्हर्सिटीला उतरून समोरच्या फलाटावर गेलं की काम झालं.

वाद झाला तो इथे. बाईंचं मत न्यू स्ट्रीट. तिथे माणसं असतात, मदतीचा कक्ष आहे, गाडी चुकली तर पर्याय आहेत. ट्यूनर म्हणाले, "तिथे मला ऐकूच येत नाही." त्यांचं बरोबर होतं. न्यू स्ट्रीटचे फलाट जमिनीखाली, वर २०१५ साली उघडलेलं भलंमोठं दालन. खाली डिझेल इंजिनांचा घुमारा, वर शेकडो पावलांचा गोंगाट. एकाच फलाटाची अ आणि ब अशी दोन टोकं, दोन्हीकडे वेगळ्या गाड्या उभ्या. डोळस माणूसही तिथे चुकतो. युनिव्हर्सिटीला फलाट दोनच. नवी इमारत २०२४ साली झाली, पण दोन फलाटांचा साधा नकाशा तोच राहिला.

मी दोन्हीकडे पाहिलं तेव्हा मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. न्यू स्ट्रीटला मदत मिळते ती हातोहात मिळते, आणि प्रत्येक वेळी हात बदलतो. गाडीतून उतरवणारा एक, लिफ्टपर्यंत नेणारा दुसरा, पुढच्या गाडीत बसवणारा कदाचित तिसरा. युनिव्हर्सिटीला ती दोघं स्वतःच्या भरवशावर राहिली असती, पण डोक्यातला नकाशा तुटला नसता. ट्यूनर जिंकले. बाईंनी तरीही पॅसेंजर असिस्टवर मदत नोंदवलीच. रेल्वेची ही मदतसेवा फुकट आहे, गाडीच्या दोन तास आधीपर्यंत फोन किंवा अ‍ॅपवरून नोंदवता येते. नोंद एकाच नावाने केली, बाईंच्या. हा तपशील लक्षात ठेवा.

तिकिटांचं सोपं होतं. डिसेबल्ड पर्सन्स रेलकार्डवर कार्डधारक आणि सोबतचा एक प्रौढ, दोघांनाही एक तृतीयांश सूट मिळते. एकाच्या कार्डावर दोघं गेली, दुसऱ्याच्या कार्डावर माझी सोय झाली. कुत्र्यांना तिकीट नाही.

गाडीत

बोर्नव्हिलचं स्थानक कॅडबरीच्या कारखान्याला लागून आहे, रंगही त्यांच्याच जांभळ्या छटेचा. वारा योग्य असेल तर चॉकलेटचा वास येतो, आणि ट्यूनर त्यावरून वाऱ्याची दिशा सांगतात. युनिव्हर्सिटीला बदल मुकाट्याने पार पडला, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फक्त एक. गाडीत चढताना दोघांनीही हार्नेसची दांडी सोडली, पट्टा तेवढा हातात ठेवला, मोकळ्या हाताने डब्याची कड आणि पायाने पायरी चाचपली, आणि मग चढले. त्या क्षणाला कुत्रा वाटाड्या नसतो, सोबती असतो. बऱ्याच जणांना वाटतं की कुत्राच ओढून आत नेतो. तसं झालं तर पाय फटीत जायचा.

खरी अडचण आतली. पंचवीस-तीस किलोची दोन कुत्री ठेवायची कुठे? कुत्रा आसनाखाली मागच्या बाजूने सरकवायचा असतो, म्हणजे तोंड बाहेर आणि शेपटी आत. थोरला सवयीने गेला. धाकटीला त्याच आसनाखाली जायचं होतं. तिला पलीकडच्या बाजूला बसवलं तर तिने मान लांब करून मधल्या वाटेत थोरल्याकडे नाक नेलं, आणि वाट बंद झाली. ड्रॉइटविचला चढलेल्या एका बाईने चाकांची बॅग तिच्या पंजाला घासून नेली. शेवटी बाई आणि ट्यूनर समोरासमोरच्या जागा सोडून एकमेकांपासून दोन रांगा दूर बसले. एकत्र सहलीला निघालेली दोघं, गप्पा मोठ्याने मारत. ही माझ्या मते दिवसातली सगळ्यात शहाणी गोष्ट होती.

मग एक तरुण आला, 'सो क्यूट' म्हणत वाकला, आणि बाईंनी हात वर केला. "ती कामावर आहे." तो ओशाळला. हार्नेस अंगावर असताना कुत्र्याला हात लावायचा नाही, नजर लावून बोलायचं नाही, खायला तर मुळीच द्यायचं नाही. आणि बोलायचं असेल तर माणसाशी बोलावं, हे लोकांना सुचतच नाही. त्या डब्यात अनेकांनी कुत्र्याचं नाव विचारलं. बाईंचं कुणी विचारलं नाही.

ट्यूनरांचा प्रवास कानांवर चालतो. वूस्टर फोरगेट स्ट्रीटचं स्थानक रस्त्याच्या वर, कमानींवर आहे, तिथे गाडीचा आवाज पोकळ होतो. मग सेव्हर्न नदीचा पूल. ग्रेट मॉल्व्हर्ननंतर टेकड्यांखालचा बोगदा, तो संपला की कोलवॉल. मग दुसरा बोगदा, अरुंद, एकाच रुळाचा, कानाचे पडदे दाबणारा. तो संपता संपता लेडबरी, आणि लेडबरी सोडलं की लांबलचक कमानींचा पूल. कोकण रेल्वेने रात्री जाणारा माणूस करबुड्याचा बोगदा लागला की रत्नागिरीची बॅग काढतो, तसंच हे. उद्घोषणा बंद पडली तरी त्यांना हेरफर्ड चुकणार नव्हतं. बाई असं ऐकत नाहीत. त्या फोनवर वेळ बघतात आणि स्थानकं मोजतात. दोघांच्या पद्धती वेगळ्या, आणि दोघांना एकमेकांची पद्धत बेभरवशाची वाटते.

हेरफर्डमध्ये

स्थानकाबाहेर टॅक्सी ठरलेली होती. २०१० च्या इक्वॉलिटी अ‍ॅक्टप्रमाणे टॅक्सीवाल्याला गाइड डॉग नाकारता येत नाही, जादा पैसेही मागता येत नाहीत, वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र असेल तरच सूट. चालक चांगला होता, पण त्याला सांगितलं होतं 'एक कुत्रा'. थोरला पुढच्या आसनासमोर पायाशी, धाकटी मागे बाईंच्या पायाशी, मी पाय पोटाशी घेऊन.

मित्राच्या घरी तिसरं कुत्रं आहे, त्याचा निवृत्त गाइड डॉग, बारा वर्षांचा. नवा मिळायची तो वाट बघतो आहे. कोविडमध्ये पैदास थांबली होती आणि प्रतीक्षायादी लांबली, तोवर तो पांढऱ्या काठीवर आहे. तीन कुत्र्यांची ओळख घरात करायची नसते. मित्राच्या बायकोने आधीच पाण्याची भांडी वेगवेगळी मांडली होती, जमिनीवरचं खाणं उचललं होतं, आणि सगळ्यांना थेट मागच्या बागेत नेलं. हार्नेस काढले. त्यानंतर पाच मिनिटं नुसता धुमाकूळ.

हार्नेस निघाला की हे प्राणी साफ बदलतात. गर्दीत ठाकठीक चाललेला थोरला बागेत आडवा पडून लोळत होता. धाकटी मित्राच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानाला लोंबकळत होती. कोपऱ्यात खडी टाकलेली एक चौकट होती. 'बिझी' असं म्हटलं की कुत्र्याने तिथे उरकायचं, हे शिकवलेलं असतं. दिवसभराचं वेळापत्रक माणसांच्या जेवणावर नव्हे, या एका शब्दावर बेतलेलं होतं. बहुतेक स्थानकांवर अशी जागा नसते. म्हणून निघण्याआधी, पोचल्यावर आणि परतताना, अशा तीन वेळा पक्क्या केल्या होत्या.

जेवणानंतर वाय नदीकाठच्या बिशप्स मेडोवर गेलो. कुत्र्यांना मोकळं सोडताना गळ्यात घुंगरू बांधतात, म्हणजे कोण कुठे धावतंय ते कळतं, आणि परत बोलवायला शिट्टी. मित्राने तिन्ही घुंगरांचे आवाज क्षणात वेगळे केले. "तुझा थोरला डाव्या मागच्या पायावर भार देत नाही," तो ट्यूनरांना म्हणाला. घरातल्या लाकडी जमिनीवर नखांचा आवाज ऐकून त्याला हे कळलं होतं. ट्यूनर गप्प झाले. त्यांनाही ते माहीत असावं असं मला वाटतं.

घरी पियानो होता. ट्यूनरांनी दोन स्वर वाजवले, तोंड वाकडं केलं, आणि पुढचा अर्धा तास मित्र आणि ते झाकण उघडून भांडत होते, चौरेचाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी गुरुजींच्या पद्धतीवरून. मित्राची बायको आणि बाई स्वयंपाकघरात. हा भाग प्रकरणाच्या कक्षेबाहेरचा, पण जायचं ते यासाठीच होतं.

परतीचा घोटाळा

परतीची गाडी वाटेतल्या एका स्थानकावर थांबवली गेली. पुढे बिघाड, सगळ्यांनी उतरा, पलीकडच्या फलाटावरून दुसरी गाडी. स्थानकाचं नाव सांगायची गरज नाही, कुठेही झालं असतं. ऑक्टोबर होता, अंधार पडलेला. कुत्र्यांच्या जेवणाची वेळ उलटून गेली होती.

एक कर्मचारी आला, नम्र, घाईत. त्याच्याकडे निरोप होता: एक अंध महिला, सोबत गाइड डॉग. त्याने बाईंना कोपर दिलं. ट्यूनरांना म्हणाला, "तुम्ही मागून या." बाई कोपर धरून निघाल्या, ट्यूनर थोरल्याला 'फॉलो' म्हणून मागोमाग. लिफ्टच्या तोंडाशी गर्दी. कर्मचारी, बाई, धाकटी आत गेले, दोन जणं बॅगा घेऊन घुसली, दार मिटलं. ट्यूनर आणि थोरला बाहेर.

मी दहा पावलांवर होते. फलाटाची कड लांब होती, म्हणून गप्प राहिले.

आम्हा सगळ्यांचं लक्ष दिवसभर धाकटीवर होतं. नवी, पोरकट, तीच गडबड करील. ती लिफ्टमध्ये शांत बसली होती, बाईंनी नंतर सांगितलं. बिघडला तो थोरला. आधी कण्हला, मग लिफ्टच्या दाराकडे ओढू लागला, आणि ट्यूनरांनी 'सिट' म्हटल्यावर बसला नाही. इतक्या वर्षांत त्याने असं केल्याचं ट्यूनरांना आठवत नव्हतं. त्यांनी दांडी सोडून दिली, पट्टा आखूड धरला, पाठ भिंतीला टेकवली आणि बाईंना फोन लावला. वरून उत्तर आलं: "हललात तर बघा." तीनेक मिनिटांत कर्मचारी धावत परतला. गाडी गेली. पुढची तासाने.

मला यात ट्यूनरांची कृती शिकवण्यासारखी वाटते. कुत्रा काम करण्याच्या मनःस्थितीत नाही हे ओळखून त्यांनी त्याच्यावरची जबाबदारी काढून घेतली. दांडी हातात ठेवून चालत राहिले असते, तर फलाटावर ते कुत्र्याच्या काळजीच्या दिशेने गेले असते. इंग्लंडमध्येच, लंडनच्या ईडन पार्क स्थानकावर, फेब्रुवारी २०२० मध्ये एक अंशतः अंध प्रवासी फलाटावरून रुळांवर पडून गाडीखाली गेला. त्या फलाटाच्या कडेला पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा नव्हत्या. त्या बसवायच्या कामाला वेग आला तो त्यानंतर. आमच्या फलाटावर फरशा होत्या, पण पायाखालची फरशी ओळखायलाही डोकं ताळ्यावर लागतं.

थोरला का बिघडला? ट्यूनर म्हणतात भूक. बाई म्हणतात, तो घरात धाकटीचा पुढारी आहे, ती नजरेआड झाली आणि त्याला मागे ठेवलं. मला वाटतं मित्राने सांगितलेला पायही हिशेबात धरावा. दुखणाऱ्या कुत्र्याचा धीर लवकर सुटतो. पण घोटाळ्याचं मूळ कुत्र्यात नाहीच. दोन माणसांची एक नोंद झाली, निरोपातला दुसरा माणूस वगळला गेला, आणि मदतनीसाला दोन हात असले तरी कोपर एकाच माणसाला देता येतं. एक कुत्रा असता तर दुसऱ्याने पहिल्याचा खांदा धरला असता आणि चौघं एका साखळीत गेले असते. दोन कुत्र्यांमुळे साखळी जोडताच येत नव्हती.

जाता जाता आपल्याकडचं. भारतात रेल्वेने कुत्रा न्यायचा तर सर्वसाधारणपणे फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. असा प्रवास अंध माणसाने रोज करावा अशी कुणाची अपेक्षाच नाही. पण मुंबई लोकलच्या फलाटांवर दिव्यांगांच्या डब्याच्या जागी बीप-बीप वाजणारा भोंगा असतो, तो इथे कुठेही मला आढळला नाही. ट्यूनरांना त्याबद्दल सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, कोणत्या स्वरात वाजतो.

त्यानंतर

आता मदतीच्या नोंदी दोन नावांनी होतात, आणि दोन्हींत 'दोन प्रवासी, दोन कुत्री, वेगळे करू नका' असं लिहिलेलं असतं. लिफ्टमध्ये आधी ट्यूनर चढतात. धाकटीला आठवड्यातून काही वेळा थोरल्याशिवाय फिरवलं जातं, म्हणजे ती कडेवर स्वतः थांबेल. थांबू लागली आहे. थोरल्याची तपासणी झाली, सांध्याची झीज निघाली, वसंतात तो निवृत्त होईल आणि घरीच राहील.

ट्यूनरांची कल्पना होती की पुढच्या वेळी आपण बाईंचं कोपर धरू आणि धाकटी दोघांना नेईल. मी नको म्हटलं. कामावर जेमतेम वर्ष झालेल्या कुत्रीने एका माणसाची रुंदी मोजायला नुकतीच सुरुवात केली आहे, तिच्यावर दुसरा लादू नये. त्यामुळे त्यांचे पांढऱ्या काठीचे धडे पुन्हा सुरू झाले आहेत, घरापासून बोर्नव्हिल स्थानकापर्यंत. हेरफर्डची पुढची फेरी एप्रिलात ठरते आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत, कारण न्यू स्ट्रीट की युनिव्हर्सिटी यावर दोघांचं अजूनही एकमत नाही.